उतरला का गं तो डोंगरावरून?

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
रविवार, २१ मे २००६

ती. सौ. ताईस,

यशाचा नमस्कार. दाजींनाही सांग. आम्ही तिघं इकडे ठीक आहोत. तुमची खुशाली तुझ्या पत्रातून कळली. दाजींचा गुडघा, गच्चीची गळती, सुट्टीतसुद्धा निबंधाच्या वह्या घेऊन दारात उभी राहणारी तुझी शाळेतली मुलं, सगळं दोनदोनदा वाचलं. कोपऱ्यावरचा आंबा तोडला हे वाचून नीला हळहळली, आणि ती त्या झाडाखालून आयुष्यात दोनदा गेली असेल. वल्लरी आता दहाची झाली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी पत्र लिहितोय म्हटल्यावर "लाइक, ऑन पेपर?" असं विचारून गेली.

कागद तिच्याच वहीतले आहेत, म्हणून या निळ्या रेघा. हाताने मराठी लिहून इतकी वर्षं झाली की 'ष' काढताना पेन अडलं. तुला आठवतं का, मी हॉस्टेलवरून पत्र पाठवायचो आणि तू त्यातल्या चुकांभोवती लाल शाईनं गोल करून तेच पत्र मला परत पाठवायचीस? वेगळं उत्तर नाहीच. समासात "तब्येत जप", खाली दहापैकी गुण. सहाच्या वर तू मला कधी चढू दिलं नाहीस. खोलीतली पोरं माझं पोस्ट आलं की निकाल लागला म्हणून ओरडायची.

हे पत्र कोणी आणून दिलं ते पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. "पद्मिनीबाई इकडे येणार असतील तर त्यांच्या हाती सुपारीचं खांडही पाठवू नकोस, त्या खोटारड्या बाईचं तोंड मला बघायचं नाही," असं तू स्वच्छ लिहिलं होतंस. तरी मी ते त्यांच्याच हाती देतोय. तू एवढी का चिडलीस ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी आई आजारी पडली तेव्हा आम्ही फिरायला गेलो होतो, म्हणून तू आमच्या या शेजारणीकडे माझ्यासाठी निरोप ठेवलास. त्या म्हणाल्या, दिला. मी म्हणालो, मिळाला नाही. तेव्हा कृपा करून शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून ठेवू नकोस.

आधी तू विचारलंस ते.

"आई शेवटी शेवटी एकच विचारायची, उतरला का गं तो डोंगरावरून? मग म्हणायची, कसला डोंगर आहे तो, आपल्या ज्योतिबासारखा का? मला काही सांगता यायचं नाही. वर्षश्राद्धाच्या आधी तू सगळं नीट लिहून पाठव. मी तिच्या फोटोपुढे बसून वाचीन." हे तू लिहिलंस. ती असं विचारत होती हे मला या पत्रातून पहिल्यांदा कळलं. आणि तिच्यापुढे वाचायचं म्हणालीस ना, म्हणून मी तीन रविवार लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा कागद फाडले. आजचा चौथा.

तर आईसाठी लिहितो.

आई, तो ज्योतिबासारखा डोंगर नव्हता. कॅनडात रॉकी म्हणून पर्वत आहेत, ते. इथून विमानानं कॅलगरी नावाच्या शहरात उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि पश्चिमेकडे दीड तास जायचं. आधी नुसतं सपाट गवत, मग एकदम समोर भिंत. बॅन्फ नावाचं गाव त्या भिंतींच्या मधे वसलं आहे. नीलाच्या मनात पाच वर्षं होतं. दर वर्षी माझं काही तरी निघायचं आणि कॅन्सल व्हायचं. शेवटी गेल्या जूनमध्ये तिनं मला न विचारता मोटेल बुक केलं. बुधवारी पोचलो, रविवारी परत. चार दिवस म्हणशील तर चार.

गुरुवारी लेक लुईस म्हणून तळं आहे तिथे गेलो. तू पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायचीस, त्या बादलीत कुणी थोडं दूध ओतलं तर जसं दिसेल तसं पाणी. वरच्या बर्फाखाली दगड दळले जातात, ते पीठ पाण्यात उतरतं, म्हणून असा रंग येतो म्हणे. तळ्याच्या उजव्या अंगानं एक पायवाट वर जाते. पाटी होती, अस्वलांचा मुलूख आहे, बोलत चला, एकटेदुकटे जाऊ नका. वल्लरीला बोलत चला म्हणणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. ती खालपासून वरपर्यंत पाढे म्हणत गेली, तेही इंग्रजीत. एकाही अस्वलाची छाती झाली नाही समोर यायची.

दोन तास चढल्यावर वर आणखी एक तळं लागतं, लहानसं, आणि त्याच्या काठावर लाकडी चहाचं दुकान. वीज नाही. ताजं सामान तिथं काम करणारी पोरं पाठीवरून चढवतात. नीलानं चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "आईंना आवडला नसता, दूध कमी आहे." मी तळ्यात हात धुतले. पाणी इतकं गार की बोटं दुखली. मग उतरलो. नीला म्हणाली, "तू आज इतका गप्प का? सकाळी ऑफिसचा फोन होता का?" मी म्हटलं, हो.

शुक्रवारी पाऊस होता. नदीकाठानं फिरलो, दुकानं पाहिली, वल्लरीनं लाकडी अस्वल घेतलं. शनिवारी उत्तरेकडे लांब गाडी चालवत गेलो. तिथे रस्त्यावरून दिसणारी बर्फाची नदी आहे. खरोखर नदीच, पण गोठलेली, आणि दर वर्षी मागे मागे सरते. कुठल्या साली बर्फ कुठपर्यंत होता त्याच्या पाट्या लावल्या आहेत. गाडी लावून चालायला लागलं की एकेक साल मागे पडतं. १९८२ची पाटी दिसली तेव्हा मी म्हटलं, ताईचं लग्न झालं तेव्हा बर्फ इथे होता. आता तिथून पुढे बराच वेळ नुसते दगड तुडवावे लागतात. बर्फाजवळ नीलानं माझा फोटो काढला. "नीट हस ना यार," म्हणाली. मी हसलो. तो फोटो मी तुला कधी पाठवला नाही.

रविवारी परत आलो.

झालं, डोंगर सांगून झाला. एवढंच फोटोपुढे वाचायचं असेल तर इथे थांबलीस तरी चालेल. पहिल्या तीन वेळी मी इथेच थांबलो होतो.

ताई, गुरुवार मी खरा सांगितला नाही. परत सांगतो.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला नीला आणि वल्लरी गाडीत पाण्याच्या बाटल्या ठेवायला बाहेर गेल्या होत्या. मी खोलीत बूट बांधत होतो. फोन वाजला. पद्मिनीकाकू होत्या. मोटेलचा नंबर नीलानंच त्यांना देऊन ठेवला होता. आवाज अगदी स्वच्छ, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा.

"यशोधन, तुझ्या ताईंचा मिरजेहून फोन होता. आई सिरीयस आहेत म्हणाल्या. तू लगेच फोन कर."

मी विचारलं, "सिरीयस म्हणजे?"

"एवढंच म्हणाल्या रे. घाईत होत्या. तू आधी फोन कर बघू."

मी म्हणालो, "बरं काकू." आणि फोन ठेवला.

निरोप मिळाला होता, ताई. शब्द न् शब्द मिळाला होता. त्या बाईनं तुझं काम चोख केलं.

आता तू विचारशील, मग? मग असं, की मला वाटलं आई गेली.

तू बाबांच्या वेळचं विसरली नसशील, पण माझ्या बाजूनं ते कसं झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. पंच्याऐंशी साल. रेक्टरनी मला वर्गातून बोलावून तार हातात दिली. 'फादर सिरीयस स्टार्ट इमिजिएटली.' मी वीस वर्षांचा गाढव. मला वाटलं, सिरीयस म्हणजे सिरीयस. स्वारगेटला एस.टी. सुटायला वेळ होता, तर आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी किलोभर मोसंबी घेतली. साताऱ्यापर्यंत नवस बोलत आलो. कराडला वाटलं, आता बाबांना जरा बरं वाटत असेल. मिरजेत गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती, त्यांनी मला वाट करून दिली, आणि मी ती मोसंब्यांची पिशवी घेऊन त्या माणसांमधून चालत आलो. सगळे माझ्याकडे नाही, पिशवीकडे बघत होते. बाबांना जाऊन तेव्हा बारा तास झाले होते. तार लिहिली त्याच्या आधीच ते गेले होते.

जगन्नाथमामा म्हणाले, "अरे, एवढा इंजिनिअर होणार तू. तारेत सिरीयस लिहितात म्हणजे काय, ते फोड करून सांगायचं का?" तू माझ्या हातातून पिशवी घेतलीस आणि दारामागे ठेवलीस. तेराव्याला घर झाडताना ती तिथेच सापडली, सुकून गेलेली. मी तेव्हा ठरवलं, हा शब्द मला पुन्हा फसवणार नाही. आणि पुढे आपल्याकडे कुणाचंही 'सिरीयस' आलं, काकांचं, मावशीचं, तुझ्या सासऱ्यांचं, ते तसंच निघालं. परक्या गावी कळवताना आपल्याकडे मेला असं कुणी म्हणतच नाही. मी शहाणा झालो होतो.

तू तुझ्या आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्याच्या खऱ्या अर्थानं वापरलास, आणि मी शहाणपणा केला.

म्हणून मी मोटेलच्या पलंगावर पाच मिनिटं बसलो आणि मग बूट बांधून बाहेर आलो. नीलाला सांगितलं नाही. मला वाटलं, गेलीच आहे. दोन दिवसांनी पोचून मी काय करणार? तोवर सगळं उरकलेलं असणार. नीला पाच वर्षांनी हसतेय, पोरगी पाढे म्हणतेय. रविवारी घरी गेल्यावर सांगू. तोवर आपल्यापुरतं सुतक आपण पाळू.

आणि वरच्या तळ्यावर मी हात धुतले नाहीत, ताई. नीला चहाच्या रांगेत होती तेव्हा मी बूट काढून पाण्यात उतरलो, डोक्यावर पाणी घेतलं, दक्षिण कुठली ते सूर्यावरून ठरवलं, आणि अंगठ्यावरून तीन वेळा ओंजळ सोडली. तीळ नव्हते, मंत्र येत नव्हते. नुसतं तिचं नाव घेतलं. वल्लरी मागे येऊन उभी होती. "बाबा, व्हॉट आर यू डूइंग?" "हात धुतोय," म्हटलं. "विथ युअर हेअर?" म्हणाली.

जिवंत आईच्या नावानं मी पाणी सोडलं. त्या वेळी ती तिथे इस्पितळात तुला विचारत होती, उतरला का गं तो. तुझं पत्र आल्यापासून मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघतो.

इथपर्यंत वाचून तुला माझी कीव आली असेल तर थांब, अजून आहे.

मला फोन करता आला असता. मोटेलच्या दारातच फोनचा डबा होता, खिशात कॉलिंग कार्ड होतं. चार दिवस मी त्या डब्यासमोरून ये-जा केली. शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता म्हणून मी फोन केला नाही, हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की त्या मे महिन्यात माझ्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपला होता. तसा असतानाही थोड्या दिवसांसाठी कॅनडात जाऊन परत येता येतं. भारतात गेलो असतो तर मुंबईला वकिलातीत नवा शिक्का मारून घेतल्याशिवाय परतता आलं नसतं, आणि त्याला तेव्हा महिने लागत होते. ऑफिसात त्याच आठवड्यात माणसं कमी करायची कुजबुज होती. आई गेली असेल तर माझ्या जाण्यानं काही बदलत नव्हतं. आई जिवंत असेल तर मला जावंच लागलं असतं. फोन केला असता तर दोन्हींतलं कुठलं ते कळलं असतं.

मी फोन केला नाही. मला सोयीचा होता तो अर्थ मी धरून बसलो. माझ्या सोयीसाठी मी आईला चार दिवस आधी मारलं.

हे वाक्य लिहून मी उठलो होतो. अंगणात जाऊन आलो. आता परत बसलोय.

शुक्रवारी तू काकूंना पुन्हा फोन केलास. त्यांनी सांगितलं, मी स्वतः बोलले त्याच्याशी, तो "बरं" म्हणालाय. त्यावर विसंबून तू आईच्या कानाशी सांगितलंस, "निघालाय तो, विमानात आहे." तुझी काय चूक? "बरं" म्हणणारा मुलगा निघणारच. त्यानंतर ती दोन दिवस थांबली. गुरुवारीच मी निघालो असतो तर शनिवारी संध्याकाळी मिरजेत असतो. दीड दिवस मला मिळाला असता. तुलाही खोटं ठरावं लागलं नसतं.

रविवारी संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. बॅगा जिन्यातच होत्या. मी मनाची तयारी करून तुला फोन लावला, सगळं उरकल्याचं ऐकायला. तिकडे सोमवार उजाडला होता. तू म्हणालीस, "आज पहाटे गेली रे."

मी म्हणालो, "आज?"

तुला वाटलं मला धक्का बसला म्हणून मी असं विचारलं. तू रडत रडत म्हणालीस, "तुला निरोप नाही का मिळाला? ती बाई तर म्हणाली सांगितलं." त्या एका क्षणात मी काहीही म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "नाही गं ताई. डोंगरात होतो. काहीच कळलं नाही."

तेराव्यालाही आलो नाही. रजा मिळत नाही म्हणालो. अग्नी तू दिलास. गावात सगळ्यांना तू सांगत राहिलीस, बिचारा डोंगरात होता, त्या बाईनं दगा दिला. दुसऱ्या दिवशी तू काकूंना फोन करून काय काय बोललीस ते तुला आठवत असेल. मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

मंगळवारी त्या आमच्याकडे आल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाताचा डबा घेऊन. नीलाच्या समोरच त्यांनी मला विचारलं, "यशोधन, मी सांगितलं होतं ना रे तुला? तू बरं म्हणाला होतास ना?"

मी म्हणालो, "काकू, लाइन क्लिअर नव्हती. मला काही ऐकू आलं नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग नीलाकडे बघून म्हणाल्या, "असेल बाई. हल्ली माझंच काही खरं नाही." डबा ओट्यावर ठेवला आणि गेल्या.

ही गोष्ट इथे संपली असती तरी पुरे झाली असती. पण त्यावरून त्यांच्या मुलाला, विनयला, वाटायला लागलं की आईला विसर पडायला लागला. त्यानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. तीन शब्द सांगायचे आणि पाच मिनिटांनी विचारायचे, घड्याळाचं चित्र काढायला लावायचं, असल्या परीक्षा. पास झाल्या, तरी तेव्हापासून तो त्यांना एकटीला गॅस लावू देत नाही. देवळात एकटं सोडत नाही. कुणाचा फोन आला तर काकू विनयला विचारून वहीत लिहून ठेवतात. आईनं तुझ्यासमोर ज्या बाईला लोणच्याची बरणी भरून दिली, जिनं दोन वर्षांपूर्वी आईसाठी इथून गुडघ्याचे पट्टे वाहून आणले, त्या बाईचं मी हे केलं. वर्षभर त्या कुंपणापलीकडे तुळशीला पाणी घालताना मला हात करायच्या आणि मीही हात करायचो.

गेल्या रविवारी मी नीलाला सांगितलं. ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, "तू मला त्या फोटोंमध्ये हसायला लावलंस." अजूनही फार बोलत नाही.

त्यानंतर मी शेजारी गेलो. विनयलाही बसवलं. म्हटलं, "काकू, त्या दिवशी लाइन क्लिअर होती. तुमचा शब्द न् शब्द मला ऐकू आला होता."

विनय उठून आत गेला. काकू म्हणाल्या, "मला माहीत होतं रे. पण मधे मधे माझाच माझ्यावरचा विश्वास उडायचा."

मी पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. मग मी विचारलं, भाचीच्या लग्नाला जयसिंगपूरला चाललाच आहात, ताईला एक पत्र न्याल का? त्या म्हणाल्या, "नेईन. आत घेतलं तर बसेन. नाही तर पायरीवर ठेवून येईन."

हाती द्यायचं पत्र चिकटवू नये, नेणाऱ्याचा अपमान होतो, असं आई सांगायची. म्हणून पाकीट उघडंच देतोय. त्या वाचणार नाहीत. वाचण्यासारखं त्यांना माहीत नसलेलं यात फार नाहीच.

आता तुझं. तू गेल्या पत्रात लिहिलंस, "मी आईशी शेवटचं खोटं बोलले, ते मला जाळतं." ताई, तू खोटं बोलली नाहीस. तू ऐकलंस ते सांगितलंस. खोटं माझं होतं, ते तुझ्या तोंडून तिच्या कानात गेलं. निदान तेवढं ओझं उतरव.

त्या व्हिसाचं आता काही उरलेलं नाही, शिक्का मी कॅनडात जाऊन कधीच घेतला. तेवीस जूनला ज्येष्ठ वद्य त्रयोदशी आहे, मी पंचांगात पाहिलं. मला यायचं आहे. तिच्या फोटोपुढे बसून हे पत्र मला स्वतः वाचायचं आहे, तू वाचण्याऐवजी. पण तू बोलावल्याशिवाय मी त्या उंबऱ्याशी येणार नाही. फोन करू नकोस. फोनवर मी काय काय बोलतो ते तू पाहिलंच आहेस.

असं कर. या पत्रात चुका पुष्कळ असतील. ऱ्हस्व-दीर्घाच्या असतील, बाकीच्या तर तुला दिसतातच. लाल पेन घे, सगळ्यांभोवती गोल कर, खाली गुण दे, शून्य दिलेस तरी चालेल. आणि काकू बारा जूनला परत निघतात, त्यांच्याच हाती हेच पत्र मला परत पाठव. त्यासाठी तुला त्यांना आत घ्यावं लागेल. आधी पाणी दे. चहात साखर घालू नकोस, त्यांना चालत नाही.

पत्र आलं की मी तिकीट काढीन. त्या रिकाम्या हातानं आल्या, तर त्याचा अर्थ काय तो मी समजेन. या वेळी मी त्यातून माझ्या सोयीचा अर्थ काढणार नाही.

डोंगरावरून फार उशिरा उतरलेला,
तुझा
यशा